सहा चाकांवरचं बिडाचं घर

घर बरोबर घेऊन प्रवासाला गेलेला माणूस परत आला की लोक विचारतात, काय काय पाहिलंत? मी खरं तेच सांगतो. दुसऱ्यांची घरं पाहिली.

हे समजायला आधी गाडी समजली पाहिजे. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. इंजिनांचे सुटे भाग करतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी एका मशीन विकणाऱ्यानं मला परदेशी कॅलेंडर दिलं. त्यातल्या एका पानावर तळ्याकाठी पांढरी गाडी उभी होती. गाडीतच पलंग, गाडीतच चूल, आणि बाहेर घडीच्या खुर्चीत एक माणूस पुस्तक वाचत बसलेला. मला त्या चित्रात तळं आवडलं, गाडी आवडली, पण सगळ्यात जास्त आवडलं ते हे की त्या माणसाच्या आसपास एकही नातेवाईक नव्हता.

मग मी एका साखर कारखान्याच्या लिलावातून जुनी मिनीबस उचलली आणि आठ महिने रविवारचे रविवार वर्कशॉपमध्ये घालवून तिचं घर केलं. इथंच पहिली चूक झाली, आणि ती उद्यमनगरातल्या माणसाच्याच हातून होऊ शकते. आमच्याकडे 'हलकं' हा शब्द शिवीसारखा वापरतात. कॅलेंडरातल्या माणसानं पलंग प्लायवुडचे केले असतील. मी लोखंडी अँगलचे केले आणि त्यांचे पाय बिडाचे ओतून घेतले. शेगडीचा ओटा बिडाचा. भांडी घासायची मोरी बिडाची. जेवायच्या टेबलाला एका मोडीत काढलेल्या लेथचा पाय लावला. शेजारच्या फाउंड्रीवाल्यानं बघून मान डोलावली आणि म्हणाला, "भूकंप झाला तर गाडीत जाऊन बसा." मला ते कौतुक वाटलं.

चालत्या गाडीला डिझेल लागतं हे मला माहीत होतं. उभ्या गाडीला काय काय लागतं हे कुणी सांगितलं नव्हतं. उभी गाडी जास्त खाते. महिनाभर हलवली नाही तर बॅटरी मरते, टायर एका बाजूला बसतात. हवेसाठी टपाला झरोका पाडला, तर त्यातून हवेपेक्षा पाणी जास्त आलं. डांबर लावलं, पुन्हा गळलं, पत्रा ठोकला, मग दुसरीकडून गळलं. पाण्याच्या टाकीत शेवाळ धरलं. उंदरांनी वायरिंग खाल्लं, आणि तेही नव्यानं घातलेलं तेवढंच. जुन्याला तोंड लावलं नाही. विम्याचा एजंट आला तो दोन तास बसून राहिला, कारण चोर ही गाडी घेऊन गेला तर ती वाहनचोरी की घरफोडी, हे त्याचं ठरेना. या सगळ्यावर उपाय म्हणून मी दर रविवारी गाडी बाहेर काढायला लागलो. लोक रंकाळा तलावावर कुत्रं फिरवायला आणतात. मी घर आणायचो.

माझी बायको मालती हे सगळं बघत होती. तिला आमच्या घरावर एक माडी चढवून हवी होती, आणि माडीचे पैसे गाडीत गेले होते. मी रंकाळ्यावरून परत आलो की ती दारातच विचारायची, "आली का माझी माडी हवा खाऊन?"

गल्लीच्या टोकाला बाबूरावांची बँड पार्टी आहे. त्यांना माणसं आणि ढोल न्यायला अशीच गाडी हवी होती. ते आले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि किंमत बोलले. किंमत बरी होती, हेच वाईट झालं. मी गयावया केल्यावर मालतीनं अट घातली. एक सहल. त्या सहलीत निदान एक रात्र आम्ही चौघांनी या गाडीत पाय पसरून झोपायचं. ते जमलं तर गाडी राहील. नाही जमलं तर आल्या दिवशी किल्ली बाबूरावांच्या हातात.

चौघं म्हणजे मी, मालती, बारावीतली मुलगी रेखा, आणि आमची आत्ती. आत्ती म्हणजे वडिलांची बहीण, वय सत्तरच्या पुढं, आवाज तालमीतल्या वस्तादाचा. चार रात्रींचा बेत होता. चारातली एक. मला वाटलं, यात हरण्यासारखं काय आहे?

कागल

पहिला वाद गाव सोडल्यावर अर्ध्या तासात झाला. मी गाडीत मागं कोपऱ्यात पत्र्याची छोटी खोली करून संडासाची सोय केली होती. मोठ्या अभिमानानं ती आत्तीला दाखवली. आत्तीनं आधी त्या दाराकडं पाहिलं, मग चार पावलांवरच्या शेगडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुझ्या बाऽनं परसात बांधला हुता," ती म्हणाली, "तवाबी मी म्हनलंतं, लई जवळ बांधलास म्हनून." त्या खोलीत पुढं कांदे, बटाटे आणि चटणीची बरणी राहिली, आणि सगळी सहल आम्ही पेट्रोल पंप आणि उसाच्या आडोशावर भागवली.

कागलजवळ तेव्हा पंचतारांकित एमआयडीसीची पाटी लागली होती. रेखानं ती मोठ्यानं वाचली. आत्ती म्हणाली, पंचतारांकित हाय तर चहा बरा मिळंल, थांबव. मी समजावून सांगितलं की इथं कारखाने होणार आहेत. त्यावर तिचं म्हणणं, कारखान्यातली माणसं काय चहा पीत न्हाईत? थांबावं लागलं. चहा खरंच बरा होता.

नेसरी

नेसरीत मालतीचा मावसभाऊ दत्ता राहतो. आम्ही त्याला कळवलं नव्हतं, कारण मला कॅलेंडरातल्यासारखं राहायचं होतं. गावाबाहेर ओढ्याकाठी एका आंब्याखाली गाडी लावली. घडीची खुर्ची काढली. पुस्तक उघडलं. दुसऱ्या पानावर होतो तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला.

दत्ता उतरला नाही. मोटरसायकलवर बसूनच त्यानं आमचं घर वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दाजी, आमच्या घराचं छप्पर उडालंय असं कुनी सांगिटलं तुमाला?"

मी हसून म्हणालो, तसं काही नाही, ही गाडी म्हणजेच आमचं घर आहे, आम्ही इथंच झोपणार.

"झोपा की. उद्या गावात मला इचारतील, दत्ता, भन आलीती म्हनं, कुठं उतरलीती? सांगतो मी, वड्याला."

मालती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती, ती पिशवी भरत होती. त्या संध्याकाळी कोंबडीचा रस्सा आणि नाचणीच्या भाकऱ्या झाल्या. जेवणानंतर दत्तानं माझ्याकडून किल्ली मागून घेतली. एवढी भारी गाडी ओढ्याला सोडून कशी चालेल, राखण पाहिजे. तो आणि त्याचे तीन दोस्त राखणीला गेले.

सकाळी गेलो तर चौघं माझ्या चार पलंगांवर आडवे. दत्ता डोळे चोळत म्हणाला, "दाजी, झ्याक झोप लागली बघा. अशी घरात न्हाय लागत."

म्हणजे चौघांनी पाय पसरून झोपायची अट पुरी झाली होती. फक्त चौघं वेगळे होते. मी तसं मालतीला सुचवून पाहिलं. तिनं पुढचा रस्ता बघायला सांगितलं.

आजऱ्याच्या पुढं

गाडीला मी पांढरा रंग दिला होता, आणि वर्कशॉपमध्ये थोडा लाल उरला होता म्हणून मधून एक लाल पट्टा ओढला होता. याचा परिणाम आजऱ्याच्या पुढं एका लहान गावात दिसला. मी फक्त रेडिएटरमध्ये पाणी घालायला थांबलो होतो. शाळेजवळ हातपंप होता. पाणी भरून मागं वळलो तर गाडीच्या दाराशी माणसं रांगेत उभी. पुढं एक म्हातारा, डोळ्यावर हात धरून.

रांग लावणारे होते कांबळे गुरुजी. शाळेचे हेडमास्तर, साठीला आलेले, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. त्यांनी कागदाचे कपटे फाडून सगळ्यांना नंबरसुद्धा देऊन टाकले होते. मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आधी म्हातारी माणसं घ्या."

मी डॉक्टर नाही, हे सांगताना मला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नाही. तेवढ्यात आत्ती दारातून खाली उतरली आणि पहिल्या म्हाताऱ्याला म्हणाली, "काय हुतंय?" त्याच्या डोळ्याला तिनं तालुक्याच्या दवाखान्यात जायला सांगितलं, आणि तेही 'उद्याच्याला' म्हणून दम देऊन. बाकीच्यांचे बहुतेक गुडघे होते. गुडघ्यांबाबत आत्तीचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे, सगळा स्वतःच्या गुडघ्यांचा. रांग संपेपर्यंत दिवस मावळला. लोक समाधानानं घरी गेले. डॉक्टरांनी इतका वेळ कुणाचं ऐकून घेतलं असतं असं मला वाटत नाही.

मी म्हणालो, चला, आता इथंच पटांगणात मुक्काम करू. गुरुजी म्हणाले, शाळेच्या पटांगणात मुक्कामाला परवानगी नाही. नियम सांगताना त्यांचा चेहरा इतका सरळ होता की मी विश्वास ठेवला. मग म्हणाले, "माझ्या घरात मात्र परवानगी लागत नाही." आणि आत्तीची पिशवी उचलून चालायला लागले.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती, भिंतभर पुस्तकं होती, आणि त्यांच्या मंडळींनी आम्ही पोचायच्या आत चार जणांचा भात टाकलेला होता. गुरुजींनी कोल्हापूरच्या इंजिनांबद्दल मला इतके नेमके प्रश्न विचारले की दोनची उत्तरं मी परत आल्यावर शोधून त्यांना पत्रानं कळवली. सकाळी निघताना मी विचारलं, पटांगणाचा नियम खरंच आहे का हो? ते म्हणाले, "कालपासून आहे."

दोन रात्री गेल्या होत्या.

देवगडच्या अलीकडं, समुद्रकाठ

आंबोलीचा घाट उतरताना ब्रेकचा असा वास आला की आत्तीनं कुणाचं तरी दूध करपलंय म्हणून जाहीर केलं. पण कोकणात पोचल्यावर मला धीर आला. कोकणातला माणूस हाताला धरून ओढत नाही. ज्यांच्या वाडीत आम्ही गाडी लावली त्या तात्यांनी सुपारी कातरत एवढंच सांगितलं, "ऱ्हवा. पण माडाखाली नको हां. नारळ कोणाची वळख ठेवणा नाय."

रात्रभर टपावर नारळ पडायची भीती नको म्हणून मी गाडी पुढं वाळूवर घेतली. समोर समुद्र, मागं माडांची रांग, नातेवाईक शंभर किलोमीटरवर. मी खुर्ची काढली. रेखानं चादरी घातल्या. आणि मग टेबलावरचा पेला हळूहळू, कुणाचाही हात न लागता, चालायला लागला.

गाडी डाव्या बाजूनं वाळूत उतरत होती. बिडाचा ओटा, बिडाची मोरी, सगळं मी डावीकडं बसवलं होतं, नळाची एकच लाईन काढता यावी म्हणून. तासाभरात आमचं घर इतकं कललं की उजवीकडच्या पलंगावर बसलेली आत्ती घसरत घसरत डावीकडं माझ्या मांडीवर आली. "सरळ बांधता आलं न्हाय व्हय रं?" तिनं तिथूनच विचारलं.

आम्ही उतरून तात्यांच्या घराकडं गेलो. काय बोलायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. पण ओटीवर चार चटया आधीच अंथरलेल्या होत्या, आणि तात्या पाठ करून सुपारी कातरत होते. आमच्याकडचा माणूस भांडून पाहुणा करतो, त्यांच्याकडचा काहीच न बोलता. शेवट एकच होतो.

सकाळी जाळं ओढणारी पंधरा-वीस माणसं आली, दोर बांधला, आणि जाळं ओढतात त्याच तालात गाडी ओढून काढली. त्यांच्यातला एकजण घाम पुसत म्हणाला, आत काय देऊळ आसा काय? मी पैसे पुढं केले. ते म्हणाले, माशांचे घेतो, घरांचे नाही.

करूळचा घाट

परतीची, म्हणजे शेवटची, रात्र. करूळचा घाट चढताना गाडी आधी दुसऱ्या गिअरवर आली, मग पहिल्या, मग तिघीजणी खाली उतरून चाकामागं लावायला दगड घेऊन मागून चालायला लागल्या. दिवस कलताना अर्ध्यावर रेडिएटरनं वाफ सोडली. रस्ता रुंद होता तिथं कडेला मी गाडी थांबवली.

आणि एकदम माझ्या लक्षात आलं. खाली दरी, वर कडा, धुकं उतरतंय. एकही घर नाही. एकही दत्ता नाही, गुरुजी नाहीत, तात्या नाहीत. इथून आम्हाला कुणीही उचलून नेऊ शकत नव्हतं. मला हसू आवरेना. आत्तीनं पिठलं केलं, रेखानं गाणी लावली, मालतीनं आपल्या पलंगावर बसून पाय लांब केले. मग आडवीच झाली. "बरं वाटतंय की," म्हणाली. माझ्या छातीवरून बिडाचा ओटा उतरल्यासारखं झालं.

तेवढ्यात मागच्या वळणावर एक बस खडखडून थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. वीस-बावीस माणसं उतरली. ड्रायव्हर ट्रकला हात करून खाली निघून गेला, दुसरी गाडी आणायला. डिसेंबरची थंडी, धुकं, आणि त्या माणसांत एक तान्हं मूल रडत होतं.

मी काय केलं ते सांगतो. मी पडदा ओढून घेतला.

मालती उठून बसली. "अहो, दार उघडा."

मी हळू आवाजात सांगितलं, ही शेवटची रात्र आहे. ती माणसं आत आली तर आपण कुठं झोपणार? आणि अट तुझीच आहे, माझी नाही.

"माझीच हाय न्हवं? मग ती माझी मी बघतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका चिडल्या की पुरुषासारखं बोलतात. तिनं माझ्या अंगावरून हात घालून दार उघडलं आणि बाहेर धुक्यात ओरडली, "पावणं, थंडीत कशाला? आत या की. घर हाय हितं."

आधी बाळाची आई आली. पायरीवर थांबून तिनं चपला काढल्या आणि विचारलं, "हितंच ऱ्हाऊ द्यात न्हवं?" तिच्या मागं एक म्हातारा, त्यानंही वहाणा काढल्या. मग सगळेच. गाडीत चढताना चपला काढायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बघता बघता घाटातल्या ओल्या डांबरावर, गाडीच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत, चपला-बुटांची रांग लागली. मालती दारात उभी राहून ती रांग बघत होती. मी दोनदा हाक मारली, तिला ऐकू गेलं नाही.

नंतरचं काय सांगू? एकेका पलंगावर सहा-सहा माणसं बसली, पलंग कुरकुरला नाही. टाकीतलं पाणी चहात संपलं, मग सिलिंडर संपला. कांद्याच्या खोलीतले कांदे संपले. आत्तीनं तीन गुडघे पाहिले. आम्ही नवरा-बायको एका चादरीत घाटाच्या कठड्यावर बसून राहिलो, कारण आत मुंगीला जागा नव्हती.

बदली गाडी उजाडताना आली. बायका निघाल्या तशी मालती सगळे कप्पे उघडायला लागली. काय शोधतेस म्हणून विचारलं तर माझ्यावरच खेकसली, "घरातनं बायका निघाल्यात आणि कुंकवाची डबी न्हाय. असलं कसलं घर बांधलं तुम्ही?"

कोल्हापूर

चार रात्री, आणि आम्ही त्या गाडीत एकदाही झोपलो नव्हतो. हरल्याचं मी मान्य केलं. घरी पोचल्यावर किल्ली मालतीच्या हातात दिली. तिनं ती पदराला बांधली आणि झाडू घेऊन गाडीत गेली.

दुपारी बाबूराव आले. हातात मोजायची टेप, पायात बँडचे पांढरे बूट. येतानाच त्यांनी जागा वाटायला सुरुवात केली होती, ढोल मागं, पिपाणीवाले मधी, पत्र्याची खोली काढून टाकायची. मी हो-हो करत त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेलो. त्यांनी पायरीवर पाय ठेवला.

आतून मालतीचा आवाज आला. "बाबूराव, बूट भाईर काढा."

बाबूरावांचा पाय तिथंच राहिला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मागच्या टायरची हवा बघायला लागलो. मग ते वाकले, नाडी सोडली, दोन्ही बूट नीट जोडून रस्त्यावर ठेवले, टेप खिशात घातली आणि आत गेले.

चहा झाला. शेव-चिवडा झाला. बाबूरावांनी कोकणातल्या माशांची चौकशी केली, आत्तीला गुडघा दाखवला. किमतीचा विषय निघाला नाही, आणि आता तो कुणी काढणार नव्हतं. खाली उतरून नाडी बांधता बांधता त्यांनी मान वर केली.

"वैनी," ते म्हणाले, "पडदं तेवढं जरा उजळ लावा की."